गर्भजल तपासणी : पूर्वतयारी व नंतरची काळजी

गर्भजल तपासणी (ॲम्निओसेंटेसिस) : गर्भपिशवीतील पाण्याचा थोडा नमुना बारीक, लांब सुईने पोटावाटे काढून त्यात आलेल्या बाळाच्या पेशी तपासण्याची पद्धत. डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतील दोष आणि थॅलॅसेमियासारखे काही आनुवंशिक आजार तिने ओळखता येतात. रक्ताच्या चाचण्या व सोनोग्राफी फक्त शक्यता सांगतात, तर ही तपासणी निदान करते. बाळातले सगळेच दोष मात्र तिच्यात दिसत नाहीत. 1956 मध्ये फुक्स आणि रीस या डॅनिश डॉक्टरांनी गर्भजलातील पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखता येते हे दाखवले. 1966 मध्ये अशा पेशी वाढवून त्यांतील गुणसूत्रे पाहणे शक्य झाले.

तपासणी साधारणपणे पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर, बहुधा विसाव्या आठवड्याच्या आत करतात. त्याआधी सुई घातल्यास गर्भपाताचा आणि बाळाचे पाऊल वाकडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून घाई करून काही साधत नाही. लवकर उत्तर हवे असेल, तर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासण्याची वेगळी पद्धत आहे.

पूर्वतयारीत शरीराचे काम थोडे आणि बोलण्याचे जास्त असते. उपाशी राहावे लागत नाही. लघवी रोखून यायचे की मोकळे होऊन, हे दिवस किती भरले आहेत त्यावर ठरते, म्हणून आधी विचारून घ्यावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना ठाऊक हवेच, कारण बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळण्याची शक्यता असते आणि आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध घटक तयार होऊ नयेत म्हणून 72 तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन द्यावे लागते. एचआयव्ही वा कावीळ ब यांचे अहवाल, रक्त पातळ करणारी औषधे, जुळी आहेत का, हेही आधी सांगायचे. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : दोष निघालाच तर पुढे काय? त्यावर घरात आणि समुपदेशकाशी आधीच बोललेले बरे. अहवाल हातात आल्यावर डोके शांत राहत नाही. काहीजणींना निदान फक्त तयारीसाठी हवे असते, काहीजणींना ते नकोच असते. दोन्ही निर्णय योग्य आहेत, आणि सही करण्याआधी नाही म्हणण्याचा हक्क कायम असतो.

प्रत्यक्ष सुई आत राहते ती जेमतेम मिनिट-दोन मिनिटे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ आणि वार कुठे आहेत ते पाहत मोकळी जागा शोधतात आणि 15 ते 20 मिलिलिटर पाणी ओढून घेतात. त्याचा रंग गवती पिवळा असतो. पहिले एक-दोन मिलिलिटर बाजूला टाकतात, नाहीतर आईच्याच पेशी नमुन्यात मिसळायच्या. भूल बहुधा देत नाहीत. टोचल्यासारखे आणि आतून दाबल्यासारखे वाटते. काही वेळा पुरेसे पाणी मिळत नाही व दुसऱ्यांदा टोचावे लागते. ‘बाळाला सुई लागेल’ ही भीती जवळपास प्रत्येकीला असते. पडद्यावर सतत नजर असल्याने तसे क्वचितच घडते. काढलेले पाणी बाळाच्या लघवीतून पुन्हा भरून येते.

त्यानंतर काही तास पाळीच्या वेळी दुखते तसे ओटीपोट दुखू शकते, एखादा रक्ताचा डागही दिसतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेन टाळावे. सोबत कोणीतरी असावे आणि घरी जाताना स्वतः गाडी चालवू नये. एक-दोन दिवस जड उचलणे, जोराचा व्यायाम व शरीरसंबंध टाळायचे, एवढेच. दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला अजून ऐकू येतो, पण त्याने गर्भपात टळतो असे दिसलेले नाही.

अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, 38 अंश सेल्सिअस वा अधिक ताप, थंडी वाजणे, पोट वारंवार कडक होणे अथवा दुखणे वाढत जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाणी झिरपल्याचे काही वेळा आपोआप थांबते, तरी ते डॉक्टरांनीच ठरवायचे. तपासणीमुळे होणाऱ्या गर्भपाताचे प्रमाण पूर्वी शंभरात एक सांगत. अलीकडच्या अभ्यासांत ते हजारात एक ते तीन इतके कमी दिसते. जुळ्यांत ते जास्त असते.

निवडक गुणसूत्रांचा पहिला अहवाल सुमारे तीन दिवसांत येतो. पेशी वाढवून केलेल्या पूर्ण तपासणीला मात्र दोन ते तीन आठवडे लागतात. सुईची जागा तोवर केव्हाच विसरलेली असते, पण खरी कसोटी या दिवसांत लागते. अहवाल फोनवर कळणार की भेटीत, आणि कोणाला कळवायचा, हे तपासणीच्या दिवशीच ठरवून ठेवावे.