हायड्रोलॉक आणि कोल्ड एअर इनटेक

हायड्रोलॉक : इंजिनाच्या सिलिंडरमध्ये द्रव शिरल्यामुळे पिस्टनला वरपर्यंत जाता न येणे. पूर्ण नाव हायड्रोस्टॅटिक लॉक. गॅरेजात मात्र ‘इंजिन पाणी प्यायलं’ असेच म्हणतात. गळक्या इंजेक्टरमधून पेट्रोल किंवा गेलेल्या हेड गॅस्केटमधून (हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, त्याखालची सांधपट्टी) कूलंट उतरूनही हे होते, पण रस्त्यावरच्या गाड्यांत बहुतेक वेळा साचलेले पाणी हवेच्या वाटेनेच आत जाते. कंपनीने दिलेला एअर क्लीनर काढून बाहेरून घेतलेले इनटेक (हवा आत नेणारा पाइप आणि फिल्टर) बसवले आणि त्याचा फिल्टर बंपरमागे खाली नेला, तर हा धोका बराच वाढतो.

कारण साधे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जी पोकळी उरते, तिच्यापेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टनला जायला जागाच नसते. ही पोकळी किती लहान असते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. ११९७ सीसीच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३०० सीसी येतात; कंप्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर) ११:१ धरला तर वर उरते ३० सीसी, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे. १२४८ सीसीच्या डिझेलमध्ये १७:१ रेशोला ती २० मिलिलिटरच्या आत येते. बादलीभर पाण्याची गरज नाही. पोकळी अर्धीच भरली तरी सुखरूप राहील असेही नाही: वरच्या पेट्रोल इंजिनात १५ मिलिलिटर पाणी असेल तर उरलेल्या हवेसाठी रेशो २१:१ होतो आणि तेवढ्या दाबाचा विचार त्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा) आखणीत केलेला नसतो.

बारीक तुषारांनी मात्र काही बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण मुद्दाम फवारले जाई, आणि बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएस या गाडीत पाण्याचा फवारा कंपनीनेच दिला होता. पावसात गाडी चालवली, फिल्टर ओला झाला, एवढ्यावर कोणाचे इंजिन जात नाही. फिल्टर पाण्यात बुडणे ही वेगळी गोष्ट.

इनटेकचे प्रकार आणि तोंडाची उंची : कंपनीच्या मांडणीत हवा घेणारे तोंड बहुधा बोनेटच्या लॉकजवळच्या आडव्या पट्टीवर किंवा हेडलाइटच्या वरच्या बाजूला असते. पुढे एअर क्लीनरचा डबा, त्याला तळाशी पाणी निथळायला भोक, आणि आवाज कमी करणारा रेझोनेटर. हे तोंड उंच ठेवण्यामागे पाण्याचा विचार असतोच.

बाहेरच्या किटचे ढोबळ दोन प्रकार. ‘शॉर्ट रॅम’मध्ये डबा काढून आखूड पाइपच्या टोकाला शंकूसारखा फिल्टर लावतात, तो बोनेटखालीच, जवळपास मूळ उंचीवर राहतो. ‘कोल्ड एअर इनटेक’मध्ये लांब पाइप बॅटरीच्या बाजूने खाली जातो आणि फिल्टर पुढच्या चाकासमोर, बंपर आणि मडगार्ड यांच्या मधल्या खबदाडात येतो. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात होंडा सिव्हिकसारख्या गाड्या घरी सजवणाऱ्यांत हा प्रकार रुळला. हेतू चांगला होता. हवा ३ अंशांनी थंड झाली की तिची घनता साधारण १ टक्क्याने वाढते. बोनेटखालच्या ६० अंशांच्या हवेऐवजी बाहेरची ३० अंशांची मिळाली तर १० टक्के. पण आजच्या बहुतेक गाड्यांचे मूळ तोंडही बाहेरचीच हवा घेते, त्यामुळे प्रत्यक्षात हाती लागतो तो मुख्यतः आवाज.

आणि उंची जाते. १८५/६५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर असतो, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ३१ सेंटिमीटरवर. खाली उतरवलेला फिल्टर अनेकदा त्याच पातळीवर किंवा त्याखाली असतो. बसवताना चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिक अस्तर कापले किंवा काढून टाकले असेल तर टायरने उडवलेले पाणी थेट त्याच्यावर येते. किट बसवलेल्या गाडीत पहिले काम म्हणजे टेप घेऊन जमिनीपासून फिल्टरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजणे. त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करावेत: पुढून जाणाऱ्या बसची लाट आणि पाण्याखाली न दिसणारा खड्डा यांचा तो हिशेब. मग अनेक गाड्यांत जेमतेम १५ सेंटिमीटर उरतात, म्हणजे साधारण फुटपाथच्या कडेएवढे. कड दिसत नसेल तर अशा गाडीने पुढे जाऊ नये. कंपन्या सांगतात ती पाण्याची मर्यादा (महिंद्रा थारला ६५० मिमी, नव्या लँड रोव्हर डिफेंडरला ९०० मिमी) मूळ इनटेकसाठीच असते. किट बदलले की तो आकडा विसरायचा.

पाणी कसे शिरते : ११९७ सीसीचे इंजिन ३००० आरपीएमला, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा असेल तर, सेकंदाला ३० लिटरच्या आसपास हवा ओढते. फिल्टर अर्धा बुडाला की उघड्या भागातून शिरणारी जोरदार हवा पाण्याचे शिंतोडे ओढून नेते. पूर्ण बुडाला की हवेला दुसरी वाट उरत नाही आणि मॅनिफोल्डमधले (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतले) सगळे शोषण पाण्यावर येते. १ किलोपास्कल शोषण पाणी १० सेंटिमीटर चढवते; मंद चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातले ५० ते ६० किलोपास्कल सहज काही मीटर. त्यामुळे ‘पाइप लांब आहे, पाणी एवढं वर कसं येईल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

टर्बो गाड्यांत (ज्यांत हवा दाबून आत ढकलतात) आणखी एक जागा धोक्याची आहे: ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. पाणी आधी तिथे साचते, गाडी पाण्यातून बाहेर येते, सगळे ठीक वाटते, आणि पुढे जोरात ॲक्सिलरेटर दिला की ते एकदम सिलिंडरमध्ये जाते.

सायलेन्सरमधून पाणी जाईल ही भीती चालकांना जास्त असते, पण ती बहुतांशी चुकीच्या जागी आहे. इंजिन सुरू असेपर्यंत धूर पाणी बाहेर ढकलतो. बंद गाडी तासन्‌तास खोल पाण्यात उभी असेल तर मात्र एखाद्या उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून ते उलटे येऊ शकते.

काय मोडते : बहुधा पहिला वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मंद गतीत इंजिन नुसते गप्प होऊन थांबते आणि नुकसान कधी होतही नाही. ३००० आरपीएमवर फ्लायव्हीलचा (क्रँकवरच्या जड चाकाचा) सगळा जोर त्या एका रॉडवर येतो. तो वाकतो, किंवा तुटून ब्लॉकला भगदाड पाडतो.

फसवा प्रकार थोड्या वाकलेल्या रॉडचा. गाडी सुरू होते, चालतेही. रॉडची उंची कमी झाल्याने पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही. ७३ मिमी बोअरच्या (सिलिंडरचे आतले भोक) वरच्या उदाहरणात १ मिमी कमी पडला तरी पोकळीत ४ सीसीची भर पडून रेशो ११ वरून ९.८ वर येतो. इंजिन थरथरते, त्या सिलिंडरचे कंप्रेशन कमी दाखवते. खालच्या टोकाला पिस्टन नेहमीपेक्षा खाली उतरतो आणि त्याचा स्कर्ट (खालची कड) क्रँकच्या वजनाला घासू लागतो, तिथून ठक्‌ठक्‌ ऐकू येते. हेड खोलल्यावर त्या बोअरच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा शेजाऱ्यांपेक्षा रुंद दिसतो. असा रॉड काही महिन्यांनी महामार्गावर तुटतो, आणि तोवर पावसाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

गाडी पाण्यात बंद पडल्यास : सेल्फ मारू नये. एकदाही नाही. एकट्या सेल्फने रॉड वाकतोच असे नाही, अनेकदा तो ‘टक्‌’ करून अडकतो. पण एका सिलिंडरमध्ये पाणी आणि शेजारच्यात जाळ अशी वेळ आली की शेजारचा सिलिंडरच पहिल्याचा रॉड मोडतो. ढकलून स्टार्ट करणे किंवा गिअरमध्ये ठेवून टोचन करणे म्हणजे चाकांनी सेल्फ मारणेच. ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत ते बटण पाण्यात उतरण्याआधीच बंद करावे. सिग्नलवर थांबलेले इंजिन स्वतःहून पुन्हा फिरते.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून कोरड्या जागी आणावी, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि फिल्टर काढून पाहावा. फिल्टर कोरडा, थ्रॉटलपर्यंतचा पाइपही आतून कोरडा, ऑइलचा रंग बदललेला नाही, तर बंद पडण्याचे कारण बहुधा विजेचे आहे. ओल दिसली तर पुढचा क्रम:

१. इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलची जोडणी काढणे. टर्बो असल्यास इंटरकूलरचे होज सोडून पाणी ओतून देणे.

२. सगळे स्पार्क प्लग काढणे. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर.

३. क्रँकपुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवणे. मध्येच अडकले तर जोर न लावता तिथेच थांबून हेड खोलण्याचा निर्णय घेणे.

४. मोकळे फिरले तरच बॅटरीची तार परत जोडून पाच-पाच सेकंद सेल्फ मारणे. प्लगच्या भोकांतून पाणी पिचकारीसारखे उडते. तोंड बाजूला ठेवावे.

५. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिलिलिटर इंजिन ऑइल सोडणे, नाहीतर बोअर एक-दोन दिवसांत गंजू लागतो.

६. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखे असेल तर ते आणि ऑइल फिल्टर बदलणे. थोडा वेळ मंद चालवून पुन्हा एकदा बदलणे.

यानंतर कंप्रेशन तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांनी खाली असेल, तर प्लगच्या भोकातून सळई घालून चारही पिस्टनची वरची उंची मोजावी. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही शंकेला पुरेसा आहे. हवा मोजणारा एमएएफ सेन्सरही पाहावा. त्याची तापलेली तार पाण्याच्या थेंबाने जाते, आणि कापडी फिल्टरला तेल जास्त लावले तरीही चुकीचे माप देते.

बचावाची साधने : एईएम या कॅलिफोर्नियातील कंपनीचा एअर बायपास व्हॉल्व्ह प्रसिद्ध आहे. पाइप कापून मध्ये बसवायचा. फिल्टर बुडून शोषण वाढले की त्याच्या रबरी झडपा उघडतात आणि हवा तिथून येते. तो स्वतः पाण्याच्या वर असेल तरच उपयोग, आणि टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनांसाठी तो नाही. इंजेनचे हायड्रोशील्ड किंवा के अँड एनचे ड्रायचार्जर ही फिल्टरवर घालायची कापडी टोपडी आहेत. शिंतोडे अडवतात, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाहीत. विकताना हा फरक फारसा सांगितला जात नाही.

पाइपच्या खालच्या वळणावर निथळायला भोक पाडण्याचा उपाय काहीजण करतात. तो करू नये: कोरड्यात तिथून न गाळलेली हवा आणि धूळ जाते, पाण्यात पाणी. काही किटमध्ये पाइप दोन तुकड्यांचा असतो. जून ते सप्टेंबर खालचा तुकडा काढून फिल्टर वर लावणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. मूळ डबा जपून ठेवला असेल तर पावसाळ्यापुरता तोच परत बसवणे त्याहून बरे, अर्ध्या तासाचे काम आहे. स्नॉर्केल उपयोगी आहे, पण छतापर्यंत नेलेल्या नळीचा एकही सांधा किंवा डब्याचे निथळायचे भोक उघडे राहिले तर ते नुसते शोभेचे.

पावसाळा आणि विमा : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तसा दिवस विरळा. पण मिलन किंवा अंधेरी सबवे आणि हिंदमाता यांसारख्या सखल जागी पाणी भरायला तासाभराची सरही पुरत आली आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला शिरलेल्या पाण्यात गाड्या उभ्या जागीच बुडाल्या. अशा गाडीत कोणते इनटेक आहे हा प्रश्न गौण. सगळे द्रव बदलल्याशिवाय आणि वरची तपासणी केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

भारतातील सर्वसमावेशक वाहनविम्यात पूर हा मान्य धोका असला, तरी परिणामस्वरूप नुकसान वगळलेले असते. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारल्याने वाकलेला रॉड कंपन्या याच सदरात टाकतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम वेगळे पैसे भरून घ्यावे लागते. बाहेरचे इनटेक बसवले असेल तर ते विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावे. पाण्यात अडकलेल्या गाडीचा, पाण्याची पातळी चाकाच्या तुलनेत दिसेल असा फोटो टोचन येण्याआधीच काढून ठेवावा. सर्व्हेयर पाहायला येतो तेव्हा पाणी ओसरलेले असते.