बाजारात न आलेली कन्सोलची जोड-उपकरणे

घरच्या टीव्हीला जोडून खेळण्याच्या व्हिडिओ गेम यंत्रांना, म्हणजे कन्सोलना, पूरक म्हणून उत्पादकांनी आखलेली, बहुतेक वेळा जाहीरही केलेली, पण सर्वसाधारण विक्रीसाठी दुकानांत कधीच न पोचलेली उपकरणे हा या नोंदीचा विषय आहे. त्यांत कळफलक, टेप व सीडी चालवणारे भाग, मोडेम, डोक्यावर चढवायचे पडदे आणि एक विणकाम यंत्रही आहे. एखादे उपकरण या वर्गात मोजायचे, तर त्याचा ठोस पुरावा लागतो. कंपनीची घोषणा, प्रदर्शनातील मांडणी, छापील माहितीपत्रक किंवा हाती आलेला नमुना यांपैकी काहीतरी हवे. खेळणाऱ्यांच्या गप्पांतून जन्मलेली उपकरणे त्यात धरत नाहीत. जे विकले गेले पण चालले नाही, तेही यात येत नाही. सेगा कंपनीचे १९९४ मधील ३२एक्स हे उपकरण अपयशी ठरले, तरी ते दुकानात विकत मिळत होते. निन्टेन्डो ६४ या कन्सोलचे डिस्क-उपकरण डिसेंबर १९९९ मध्ये केवळ जपानात निघाले, तेव्हा अमेरिकेपुरते ते या वर्गात घालता येईल, जपानपुरते नाही.

या उपकरणांचा माग कन्सोलच्या पोटापासून काढायला लागावे. अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम ऊर्फ एनईएस या राखाडी यंत्राला उलटे केले, की तळाशी प्लास्टिकचे एक छोटे झाकण दिसते. ते काढले तरी आतली जोडणी लगेच हाती लागत नाही, कारण तिच्यावर यंत्राच्या कवचाचाच एक पातळ तुकडा आडवा असतो आणि तो कापून किंवा मोडून काढावा लागतो. त्यामागे ४८ संपर्कबिंदूंची विस्तार-जोडणी आहे. बहुसंख्य घरांत तो तुकडा कधीच मोडला गेला नाही, कारण त्या जोडणीत बसणारे एकही अधिकृत उपकरण विक्रीला आले नाही. १९९३ मध्ये एनईएसची स्वस्त, सुधारित आवृत्ती काढताना निन्टेन्डोने ही जोडणीच वगळली. अटारी ७८०० या कन्सोलच्या सुरुवातीच्या नगांतही विस्तार-जोडणी होती आणि पुढच्या नगांतून ती नाहीशी झाली. कंपनीची कागदपत्रे हाती नसताना तिच्या मनात काय होते हे ताडायला या रिकाम्या जोडण्या फार उपयोगी पडतात, म्हणून संग्राहकांनी यंत्राच्या पुढच्या बाजूइतकीच तळाचीही छायाचित्रे काढून ठेवणे गरजेचे आहे.

अशी जोडणी ठेवण्यामागे धंद्याचे एक साधे गणित असते. कन्सोलची किंमत खाली ठेवायची आणि कमाई खेळ साठवलेल्या कार्ट्रिजवर करायची, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे. चार तारा बाहेर काढून ठेवायला खर्च थोडा येतो, पण तेवढ्याच्या जोरावर ‘हे खेळणे उद्या संगणक होईल’ असे आईवडिलांना सांगता येते. १९८०च्या सुमारास घरगुती संगणक स्वस्त होऊ लागले, तसे हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक कन्सोलच्या जाहिरातीत दिसू लागले.

त्यातले सर्वांत महत्त्वाकांक्षी आश्वासन मॅटेल इलेक्ट्रॉनिक्सचे होते. या कंपनीने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात इंटेलिव्हिजन या कन्सोलची चाचणी विक्री सुरू केली, तेव्हापासूनच त्याच्या जोडीला कळफलक येणार, असे ती सांगत होती. कन्सोल म्हणजे ‘मास्टर कंपोनंट’, आणि ज्याच्या खोबणीत ते संपूर्ण बसेल असा रुंद, जड ‘कीबोर्ड कंपोनंट’, असे दोन्ही मिळून एक पूर्ण घरगुती संगणक व्हायचा होता. कन्सोलमध्ये जनरल इन्स्ट्रुमेंटचा १६ बिटांचा सीपी१६१० प्रोसेसर होता. कळफलकात त्याखेरीज वेगळा ६५०२ प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि प्रोग्रामच्या हुकमाने पुढेमागे फिरणारा कॅसेट-चालक होता. या कॅसेट-चालकाची खुबी अशी, की एकाच फितीवर संगणकाची माहिती आणि माणसाचा आवाज दोन्ही ठेवता येत आणि पडद्यावरच्या मजकुराशी तो आवाज जुळवता येई. फ्रेंच संभाषण शिकवणारा आणि घरच्या घरी व्यायाम करवून घेणारा, असे कार्यक्रम त्यासाठी खरोखर तयार झाले. त्या काळच्या घरगुती यंत्रांत इतकी विचारपूर्वक केलेली जुळणी क्वचितच आढळते, आणि म्हणूनच तिची गत चटका लावते.

इतके सगळे परवडणाऱ्या किमतीत बसवणे मॅटेलला शेवटपर्यंत जमले नाही. १९८१ मध्ये निवडक शहरांत चाचणीपुरती विक्री झाली तेव्हा किंमत ६०० डॉलरच्या घरात होती, आणि एकंदर सुमारे ४,००० नग तयार झाले असे मानले जाते. इकडे कळफलकाच्या भरवशावर कन्सोल घेतलेली गिऱ्हाइके खोळंबली होती. त्यांच्या तक्रारी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेल्या, आणि वचन पुरे होईपर्यंत कंपनीला दरमहा दंड भरावा लागला, असे तेथे काम केलेल्या प्रोग्रामरांनी नमूद करून ठेवले आहे. १९८२ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. विकलेले कळफलक परत बोलावून पैसे चुकते करण्यात आले, आणि ज्यांनी यंत्र ठेवून घेण्याचा आग्रह धरला त्यांच्याकडून कंपनीला पुढील जबाबदारीतून मोकळे करणारे पत्र लिहून घेण्यात आले. १९८३ मध्ये एंटरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टिम नावाचा कितीतरी साधा कळफलक बाजारात आणून मॅटेलने आपल्या शब्दाची भरपाई केली. काटेकोरपणे पाहिले तर मूळ कळफलक निवडक शहरांत विकला गेला होता. तरीही देशभरची विक्री कधी झाली नाही आणि कंपनीने माल स्वतःच मागे घेतला, त्यामुळे त्याला या वर्गात स्थान देणे योग्य आहे.

कळफलकाचे हे आकर्षण अमेरिकेपुरते नव्हते. महाराष्ट्रातील शहरी घरांत नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने जी यंत्रे आली, त्यांतली बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपाची, अनधिकृत नक्कल होती आणि त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. पुढे त्याच नकला कळफलकाच्या कवचात भरून, टायपिंगचा सराव आणि बेसिक भाषा शिकवणाऱ्या ‘कॅसेट’सह, मुलांचा संगणक म्हणून विकल्या गेल्या.

मॅटेलच्या प्रतिस्पर्ध्यांची वाटही फारशी वेगळी नव्हती. कोलेको कंपनीने फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात कोलेकोव्हिजनसाठी ‘सुपर गेम मॉड्यूल’ जाहीर केले. चिमुकल्या फितीच्या चकत्यांवरून मोठे खेळ चालवण्याची ती योजना होती; जूनपर्यंत ती मागे पडून तिच्या जागी ॲडम हा संगणक पुढे करण्यात आला. अटारीनेही त्याच वर्षी आपल्या २६०० या कन्सोलसाठी ‘ग्रॅज्युएट’ या नावाचा कळफलक जाहीर केला आणि तो आला नाही. अटारीचे ‘माइंडलिंक’ मात्र थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. हा कपाळाला बांधायचा पट्टा होता. नावावरून तो मनातले ओळखतो असा समज व्हावा, पण प्रत्यक्षात तो कपाळाच्या स्नायूंची हालचाल टिपत असे, म्हणजे पडद्यावरील वस्तू हलवायची तर भुवया सतत उंचवाव्या लागत. वापरून पाहणाऱ्यांची डोकी दुखू लागली. जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग उद्योजक जॅक ट्रॅमिएल यांच्याकडे गेला आणि इतर अनेक प्रकल्पांबरोबर हाही थांबला.

निन्टेन्डोने अमेरिकेत पाऊल टाकले तेही अशाच न आलेल्या उपकरणांसह. जानेवारी १९८५ च्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो या व्यापारी प्रदर्शनात कंपनीने ‘ॲडव्हान्स्ड व्हिडिओ सिस्टिम’ मांडली होती. तीत कळफलक, माहिती साठवणारा टेपरेकॉर्डर, पियानोसारखा स्वर-कळफलक आणि बिनतारी नियंत्रक होते. घाऊक व्यापारी पुढे आले नाहीत. १९८३ च्या मंदीत हात पोळलेल्या दुकानदारांना व्हिडिओ गेम हा शब्दही नको होता, तेव्हा ही सारी मांडणी उतरवून, बंदूक आणि छोटा यंत्रमानव सोबत देऊन, तेच यंत्र एनईएस या नावाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क परिसरात विक्रीला ठेवण्यात आले. पुढे १९८७ मध्ये एनईएसला जोडायच्या विणकाम यंत्राचे माहितीपत्रक निघाले. ते २०१२ मध्ये निन्टेन्डोचे माजी कर्मचारी हॉवर्ड फिलिप्स यांनी प्रसिद्ध केल्यावर लोकांच्या नजरेस आले. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याच्या लॉटरीने एनईएस आणि मोडेम वापरून घरबसल्या लॉटरी खेळण्याचा प्रयोग आखला होता. लहान मुलांच्या यंत्रावर जुगार नको, असा विरोध झाला आणि तो सुरू होण्याआधीच बारगळला.

या सर्वांत ज्याचे परिणाम सर्वांत दूरवर पोचले ते सुपर निन्टेन्डो या एनईएसनंतरच्या कन्सोलचे सीडी-उपकरण होय. एनईसी या जपानी कंपनीने डिसेंबर १९८८ मध्ये आपल्या पीसी इंजिन या कन्सोलसाठी सीडी-चालक विकायला आणला आणि त्याच वर्षी निन्टेन्डोने सोनीशी करार केला. कार्ट्रिजमध्ये साधारण १ ते ४ मेगाबाइट मावत, सीडीवर ५०० मेगाबाइटहून अधिक, एवढे कारण पुरेसे होते. सोनीच्या बाजूने सूत्रे केन कुतारागी यांच्याकडे होती. सुपर निन्टेन्डोची ध्वनी-चिप त्यांनीच घडवली होती. कार्ट्रिज आणि सीडी दोन्ही चालवणारे एकसंध यंत्र सोनीने स्वतःच्या नावाने, ‘प्ले स्टेशन’ म्हणून, विकायचे ठरले होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात, निन्टेन्डो ऑफ अमेरिकाचे हॉवर्ड लिंकन यांनी आपण सीडीसाठी फिलिप्स या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर जात असल्याचे सांगितले.

वाद यंत्राचा नव्हता, हक्काचा होता. करारातील शब्दांप्रमाणे सीडीवरील खेळांचे परवाने सोनीच्या हाती जात होते, आणि परवान्यांवरच निन्टेन्डोचे सारे उत्पन्न उभे असल्याने अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना ते मान्य होणे शक्य नव्हते. त्यानंतर ना सोनीचे संयुक्त यंत्र आले, ना फिलिप्सचा सीडी-चालक. स्क्वेअर कंपनीचा ‘सिक्रेट ऑफ माना’ हा खेळ सीडीसाठी योजलेला होता. १९९३ मध्ये तो कार्ट्रिजवर काढताना त्यातला बराच भाग गाळावा लागला. फिलिप्सला निन्टेन्डोची पात्रे वापरण्याची मुभा मिळाली होती, तिच्या आधारे त्यांच्या सीडी-आय यंत्रावर झेल्डाचे तीन आणि मारिओचा एक खेळ निघाला. सोनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात स्वतःचे स्वतंत्र प्लेस्टेशन आणले आणि घरगुती खेळांच्या बाजारातील निन्टेन्डोचे पहिले स्थान गेले ते याच यंत्रामुळे. विक्रीला न आलेल्या दुसऱ्या कोणत्याही जोड-उपकरणाने या उद्योगाचा नकाशा इतका बदललेला नाही.

सेगाच्या ‘सेगा व्हीआर’ या शिरस्त्राणाची हकिकत याच्या उलट आहे. तिथे करार आड आला नाही, यंत्रच कमी पडले. १९९१ मध्ये जाहीर झालेले आणि १९९३ मध्ये प्रदर्शनात दाखवलेले हे उपकरण सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला जोडून सुमारे २०० डॉलरना विकायचे होते. त्यात दोन डोळ्यांसाठी दोन छोटे पडदे होते आणि मान वळली की दृश्यही वळत असे. वापरणाऱ्यांना मळमळ आणि डोकेदुखी होऊ लागली. १९९४ मध्ये ते रद्द करताना, अनुभव इतका खरा वाटतो की वापरणारे चालू लागून स्वतःला इजा करून घेतील, असे कारण कंपनीने दिले. हे पटण्यासारखे नाही. मेगा ड्राइव्हच्या ८ मेगाहर्ट्झहूनही कमी वेगाच्या मुख्य प्रोसेसरला दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी त्रिमितीय दृश्ये मान वळेल त्या गतीने काढणे झेपणारे नव्हते, आणि दृश्य मानेच्या मागे रेंगाळले की मळमळते.

अशा उपकरणांचे जतन हे नाजूक काम आहे. नमुना कार्ट्रिज उघडल्यास आतील ईप्रॉम चिपवर काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख किंवा आवृत्ती हाताने लिहिलेली असते. ती पट्टी निव्वळ खुणेची नसते. खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला तर चिपवरील माहिती पुसली जाते, आणि पट्टी जागेवर असली तरी दशकानुदशके गेल्यावर विद्युतभार आपोआप गळतो. त्यामुळे नमुना कपाटात जपून ठेवणे पुरत नाही, त्यातील माहितीची प्रत वेळीच काढावी लागते. सेगा व्हीआरसाठी लिहिलेला ‘न्यूक्लिअर रश’ हा खेळ वाचला तो त्याच्या एका निर्मात्याने मूळ प्रोग्राम सीडीवर ठेवला होता म्हणून; २०२० मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने तो पुन्हा जुळवून आजच्या शिरस्त्राणावर चालवून दाखवला.

सोनी आणि निन्टेन्डोच्या संयुक्त यंत्राचा एक नमुना २०१५ मध्ये अमेरिकेत उजेडात आला. एका बुडालेल्या कंपनीच्या सामानाच्या लिलावात तो इतर वस्तूंबरोबर विकला गेला होता. त्याचे प्लास्टिक पिवळे पडले आहे, आणि सोबतचा नियंत्रक हुबेहूब सुपर फॅमिकॉमचा, म्हणजे सुपर निन्टेन्डोच्या जपानी आवृत्तीचा, असून त्यावर सोनी आणि प्लेस्टेशन ही नावे छापलेली आहेत. मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात त्याला ३,६०,००० डॉलर मिळाले. या आकड्याची चर्चा फार झाली, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याआधीची दुरुस्ती अधिक मोलाची आहे. यंत्र सापडले तेव्हा सीडी-चालक बंद होता, तो २०१७ मध्ये चालू करण्यात आला. त्यासाठी बनलेला एकही अधिकृत खेळ आजवर हाती आलेला नाही. दरम्यान हौशी प्रोग्रामरांनी नमुन्यातील प्रणालीचा अभ्यास करून या यंत्राकरिता ‘सुपर बॉस गायडेन’ नावाचा खेळ २०१६ मध्येच लिहून ठेवला होता, आणि दुरुस्तीनंतर त्या चालकात फिरली ती अशा हौशी मंडळींनी तयार केलेली सीडी.