चिकट सापळा: रंग आणि गोंद

रंगीत पत्रा, पुठ्ठा नाहीतर प्लास्टिकची शीट, तिच्यावर न वाळणारा गोंद, आणि किडा येऊन बसला की बसलाच. इंदूरकडे शेतकरी काय अन् दुकानदार काय, सगळे याला यलो ट्रॅपच म्हणतात, 'निळा यलो ट्रॅप द्या' असं मागणारेही भेटलेत. माळव्यात याचं मुख्य गिऱ्हाईक सोयाबीनवाले, कारण पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पसरवते ती पांढरी माशी, आणि सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९८७ पासून इंदूरलाच आहे.

असे किडे पिवळ्या रंगाकडे ओढले जातात, हे पहिल्यांदा कोणी टिपलं यावर एकमत नाही. काचघरातल्या पांढऱ्या माशीबद्दल लॉइड या संशोधकाचं टिपण १९२१ चं, तर १९५० च्या आसपास मोरिके या संशोधकानं माव्यासाठी पिवळी पाण्याची ताटं वापरली आणि बरेच जण सुरुवात तिथून धरतात. तारखा बघता लॉइडच आधीचा वाटतो, पण सापळा म्हणून रंग वापरायची पद्धत रुळली ती मोरिकेच्या ताटांमुळे, असं म्हणणं जास्त बरं.

आता माशीला पिवळा 'आवडतो' का? तर आवडीनिवडीचा प्रश्न नाहीये. पांढऱ्या माशीचा डोळा अतिनील आणि साधारण ५२० नॅनोमीटरच्या हिरव्याला जास्त जागतो, आणि पिवळा कागद त्या हिरव्या पट्ट्यात पानापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परत फेकतो, निळा मात्र जवळजवळ नाहीच, म्हणजे तिच्या लेखी ते पानाहूनही जास्त 'पान' झालं. माउंडनं १९६२ मध्ये कापसावरच्या पांढऱ्या माशीत दोन वेगळ्या ओढी दाखवल्या, निळा-अतिनील उजेड उडायला लावतो आणि पिवळा उतरायला. वैशंपायन आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या कामात काचघरातल्या माशीचा कल मुख्यतः पिवळ्या-हिरव्या पट्ट्याकडे दिसला. दोघांचं भांडण वाटतं खरं, पण माशीच्या जातीच वेगळ्या आहेत, त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीला चिकटवू नये हे बरं. व्यवहारात एवढं लक्षात ठेवावं की लिंबू पिवळा चालतो, नारंगीकडे झुकलेला हळदी पिवळा मागे पडतो, आणि दोन्ही पाकिटांवर छापलेलं असतं नुसतं 'पिवळा'.

फुलकिड्यांना निळा, असं सरसकट सांगतात. ते जातीवर, पिकावर आणि उजेडावर अवलंबून आहे, निळ्या-पिवळ्याच्या तुलनेचे निकाल एकसारखे येत नाहीत.

गोंदाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. बाजारातला बहुतेक माल पॉलिब्युटीन (पेट्रोलियमपासूनचं चिकट द्रव्य) जातीचा, घरगुती म्हणजे एरंडेल, राळ, ग्रीस नाहीतर व्हॅसलीन. गोंद पारदर्शक असला तर रंग शाबूत, गढूळ किंवा तपकिरी असला की वरून पिवळा लावून उपयोग काय, किड्याला दिसतो तो गोंदातून गाळून आलेला रंग. ग्रीसचा हाच दोष. दुसरं म्हणजे तापमान. मेमध्ये पारा चाळिशीवर गेला की एरंडेल पातळ होऊन खाली ओघळतं, आमच्या रामबागेतल्या गच्चीवर तेलाच्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून टांगला होता त्याची वरची अर्धी बाजू चार दिवसांत कोरडी, खालच्या काठाला तेलाचा थेंब लोंबतोय आणि त्यात मुंग्या. डिसेंबरच्या थंडीत उलट, गोंद घट्ट होतो, हलका किडा नुसता पाय टेकवून उडून जातो. आणि धूळ! उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं शीटवर मातीचा थर बसला की चिकटपणाही गेला अन् रंगही. पावसात पॉलिब्युटीन धुऊन जात नाही, पण चिखलाचे शिंतोडे उडतात, म्हणून सोयाबीनमध्ये सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरासा वर ठेवतात आणि पीक वाढेल तसा वर सरकवतात. शीट किड्यांनी भरत आली की पकड आपोआप कमी होते, तेव्हा आकडा घटला म्हणून कीड घटली असं समजू नये.

मोझॅक यानं थांबत नाही. विषाणू घेतलेल्या थोड्याच माश्या रस शोषत फिरल्या तरी पुरतात, त्यामुळे सापळ्याचा खरा उपयोग कीड आली कधी आणि वाढतेय किती हे कळायला. ढालकिडे, क्रायसोपा (कीड खाणारा हिरवा जाळीपंखी किडा), मधमाश्या असे मित्रकीटकही अडकतात. कधी पालही. तिला ओढू नये, खायचं तेल लावलं की गोंद सुटतो.