हिवताप मापन, मुंबई

हिवताप मापन, मुंबई : शहरावर हिवतापाचा (मलेरियाचा) किती भार आहे आणि नियंत्रणाच्या उपायांनी तो किती उतरला, हे ठरवण्याच्या पद्धती. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येणारी रुग्णसंख्या हा त्यातला सर्वांत परिचित आकडा. मात्र किती जणांचे रक्त तपासले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाचा अंदाज मुलांच्या पोटावर हात ठेवून घेत. वारंवार ताप आलेल्या मुलाची पाणथरी (प्लीहा) वाढते; अशा मुलांचे शेकडा प्रमाण म्हणजे त्या वस्तीचा प्लीहा दर. मुंबईत डॉ. सी. ए. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात अॅनोफिलीस स्टीफन्साय हा डास आणि त्याला पोसणाऱ्या विहिरी यांच्याकडे बोट दाखवले. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी झाकण्या-बुजवण्याला धार्मिक भावनेतून विरोध झाला. आज विहिरींच्या जोडीला गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी आहे.

सध्याचे मुख्य माप म्हणजे वार्षिक परजीवी (हिवतापाचा सूक्ष्म जंतू) प्रमाण, म्हणजे ‘एपीआय’ : वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे रक्ततपासणीत निश्चित झालेले रुग्ण. त्याच्यासोबत दोन आकडे पाहावेच लागतात. लोकसंख्येच्या शेकडा किती जणांचे रक्त तपासले (अपेक्षा साधारण १० टक्के) आणि तपासलेल्या रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्यांपैकी कितींमध्ये परजीवी सापडला. तपासण्या घटल्या की रुग्णही घटतात, आणि हिवताप हटल्यासारखे दिसते. २०२० साली देशात नोंदलेले रुग्ण आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ कमी झाले. त्याच वर्षी करोनामुळे तपासण्याही कमी झाल्या होत्या. याउलट खासगी प्रयोगशाळा नियमित कळवू लागल्या, तर साथ नसतानाही आलेख चढतो. अशा चढाला अपयश म्हणणे अन्यायाचे आहे.

२०१० च्या साथीत मुंबईत ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. २०११ च्या जनगणनेतील सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तर हे प्रमाण दर हजारी सहाच्या आसपास येते. पण ही सरासरी झाली. परळ, शिवडी, लोअर परळ, भायखळा या जुन्या गिरणगावाच्या पट्ट्यात, जिथे बांधकामे जोरात होती, तिथला भार पुष्कळ जास्त होता. मुंबईत एपीआय वॉर्डनिहाय, शक्य तर वस्तीनिहाय काढला तरच उपयोगी पडतो. त्यातही पेच आहे : विरारचा कामगार परळच्या केईएम रुग्णालयात तपासला गेला, तर त्याची नोंद परळची की विरारची? घरचा पत्ता आणि कामाची जागा या दोन्ही नोंदी हव्यात, कारण डास कुठे चावला हे रुग्णालयाच्या पत्त्यावरून कळत नाही.

मृत्यू मोजणे याहून अवघड. त्याच २०१० साली ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने घरच्यांना आजाराची हकिकत विचारून भारतात सत्तरीच्या आत दरवर्षी सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू हिवतापाने होत असल्याचा अंदाज मांडला, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे १५ हजारांचा होता. तो वाद पद्धतीचा होता : तापाने गेलेल्या प्रत्येकाच्या रक्तात परजीवी होता का, हे नंतर सिद्ध करता येत नाही. शहरात मृत्यू रुग्णालयात होतात, केसपेपर हाती असतो, म्हणून मुंबईत मृत्यू परीक्षण अधिक नेमके होऊ शकते. ते प्रत्येक मृत्यूचे व्हायला हवे.

मुंबईतला हिवताप मुख्यतः व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीचा. हा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा डोस अर्धवट सोडल्यास हा धोका वाढतो. असा उलटलेला ताप बऱ्याचदा नवा रुग्ण म्हणून मोजला जातो. त्यामुळे डास आटोक्यात आले तरी आकडे लगेच उतरत नाहीत.

महापालिकेचे कीटकनाशक खाते टाक्या, विहिरी, बांधकामे तपासून अळ्या शोधते, डासोत्पत्तीची स्थाने मोजते. रुग्णसंख्या वाढण्याआधी धोक्याची सूचना याच मोजणीतून मिळू शकते.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. निर्मूलनाच्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे स्थानिक रुग्ण शून्य असावा लागतो. म्हणजे प्रत्येक रुग्ण इथला की बाहेरून आलेला, हे ठरवावे लागते. गावाहून आलेल्या मजुराला मुंबईत ताप आला, तर तो गावाकडचा जुना व्हायव्हॅक्स की कामावरच्या टाकीतल्या डासाचा, हे सांगणे आजही कठीण आहे.