वेलास्को आल्वारादो, हुआन

(१६ जून १९१०–२४ डिसेंबर १९७७). पेरूचा सेनापती आणि १९६८ ते १९७५ या काळातील राष्ट्राध्यक्ष. दक्षिण अमेरिकेत त्या दशकांत लष्कराने सत्ता घेतली, की ती बहुतेक वेळा जमीनदार आणि भांडवलदार यांच्या पाठीशी उभी राही. वेलास्कोच्या राजवटीने जमीनदारीच मोडली. मात्र ते काम त्याने संसद बंद करून, निवडणुका न घेता केले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच त्याच्या कारकिर्दीचा विचार करावा लागतो.

उत्तर पेरूतील पिउरा शहरालगतच्या कास्तिया येथे एका गरीब, मोठ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९२९ मध्ये तो जहाजात लपून, तिकिटाविना राजधानी लिमाला आला, असे सांगतात. साधा शिपाई म्हणून तो सैन्यात दाखल झाला, मग परीक्षा देऊन चोरियोसच्या लष्करी विद्यालयात गेला आणि १९३४ मध्ये तेथून अधिकारी होऊन बाहेर पडला. पेरूच्या सैन्यात त्या वेळी खालच्या थरातून वर आलेले असे अधिकारी बरेच होते. १९६५ मध्ये अँडीज पर्वतातील गनिमी बंडखोरांचा बीमोड करायला सैन्य गेले, तेव्हा हासिएंदांवरचे, म्हणजे जमीनदारांच्या मोठ्या वाड्या-शेतांवरचे जिणे या अधिकाऱ्यांनी जवळून पाहिले. जमिनीच्या लहानशा तुकड्याच्या बदल्यात कुळे मालकाच्या शेतात फुकट राबत आणि पाळीपाळीने त्याच्या घरी वेठीला जात. हे असेच चालले तर पुढचे बंड आवरता येणार नाही, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत झाले.

सत्तापालटाला निमित्त मिळाले ते तेलाचे. राष्ट्राध्यक्ष फर्नांदो बेलाउंदे याने ऑगस्ट १९६८ मध्ये एका अमेरिकी मालकीच्या तेल कंपनीशी तालारा येथे करार केला. त्यातले अकरावे पान गहाळ आहे, असा आरोप सरकारी तेल महामंडळाच्या प्रमुखानेच जाहीरपणे केला आणि देशभर गदारोळ उडाला. ३ ऑक्टोबरच्या पहाटे रणगाडे राजवाड्याशी उभे राहिले आणि बेलाउंदेला विमानात घालून ब्वेनोस आइरेसला धाडण्यात आले. सहाच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, सैन्याने तालाराचे तेल प्रकल्प ताब्यात घेतले. बेकायदा सत्तेला पहिली लोकमान्यता मिळाली ती या कृतीमुळे.

२४ जून १९६९ रोजी कृषिसुधारणेचा कायदा जाहीर झाला. हा दिवस तोवर ‘इंडियन दिन’ म्हणून पाळला जाई. त्याला ‘शेतकरी दिन’ हे नाव देण्यात आले. त्या दिवशीच्या भाषणाचा शेवट वेलास्कोने १७८० च्या बंडाचा नायक तुपाक आमारू याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वाक्याने केला : ‘शेतकऱ्या, मालक यापुढे तुझ्या गरिबीवर जेवणार नाही.’ कायद्याचा पहिला घाव दुबळ्या जमीनदारांवर पडला नाही. सरकारने सुरुवात केली ती उत्तर किनाऱ्यावरच्या साखर मळ्यांपासून, देशातल्या सर्वांत बलाढ्य मालकांपासून. कासा ग्रांदेसारखे मळे कारखान्यांसह सरकारजमा झाले. किनाऱ्यावर ओलिताच्या जमिनीची कमाल मर्यादा १५० हेक्टर ठरली आणि पुढे ती आणखी खाली आली. मालकांना मोबदला मुख्यतः रोख्यांत मिळाला. चलनवाढीने त्या रोख्यांचे मोल जवळजवळ संपले आणि त्यांवरचे वाद न्यायालयांत दशकानुदशके चालू राहिले.

जमीन मात्र सुटी वाटली गेली नाही. किनाऱ्यावर उत्पादक सहकारी संस्था आणि डोंगराळ भागात मोठ्या सामाईक संस्था उभारण्यात आल्या. येथेच सुधारणेचे दुखणे होते. संस्थेचे सभासद झाले ते मळ्यावरचे कायम कामगार. हंगामापुरते येणारे मजूर बाहेरच राहिले. डोंगरातल्या ज्या गावांची कुरणे हासिएंदांनी पिढ्यांपूर्वी बळकावली होती, त्यांना अनेक ठिकाणी जमिनीऐवजी नफ्यातला वाटा देऊ करण्यात आला. त्यांना हवी होती आपली जमीन. साखर संस्थांत कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांना सुरुवातीला व्यवस्थापनाच्या निवडणुकीपासून दूर ठेवले गेले. मालक गेला, तरी वरून येणारा हुकूम गेला नाही. एवढे असूनही वेठ संपली, आणि ज्याच्यापुढे टोपी काढून उभे राहावे लागे तो मालक गावातून गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल हेक्टरांत मोजता येण्याजोगा नव्हता.

मासळीच्या भुकटीचा धंदा, खाणी आणि बँका यांचेही मोठ्या प्रमाणावर राष्ट्रीयीकरण झाले; सोव्हिएत संघाशी राजनैतिक संबंध जोडून शस्त्रे घेण्यात आली. १९७१ मध्ये लिमाच्या दक्षिणेला वाळवंटात बेघरांची व्हिया एल साल्वादोर ही वसाहत वसली. मे १९७५ मध्ये केचुआ भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला. लक्षावधी लोकांची ही मायबोली तोवर न्यायालयात आणि कचेरीत ऐकूनही घेतली जात नसे.

टीका मात्र या राजवटीला सोसवत नव्हती. विरोधकांना हद्दपार करण्यात आले आणि जुलै १९७४ मध्ये राष्ट्रीय वृत्तपत्रे सरकारने ताब्यात घेतली. ती शेतकरी, कामगार आदी संघटित गटांच्या हाती देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती सरकारचीच मुखपत्रे बनली. वेलास्कोच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा डाग म्हणावा लागेल.

१९७३ मध्ये रक्तवाहिनीच्या विकाराने त्याचा उजवा पाय कापावा लागला आणि त्याची पकड सैल होत गेली. परकीय कर्ज वाढले होते, अँचोव्ही मासळीचा हंगाम १९७२ मध्येच कोसळला होता. फेब्रुवारी १९७५ मध्ये लिमाचे पोलीस संपावर गेले. सैन्याने त्यांच्या बराकीवर हल्ला चढवला; शहरात लुटालूट, जाळपोळ आणि गोळीबार होऊन अनेक जण मेले. २९ ऑगस्टला पंतप्रधान फ्रान्सिस्को मोरालेस बेर्मूदेस याने ताक्ना शहरातून बंडाची घोषणा केली. सैन्यातले कोणीही वेलास्कोच्या बाजूने उभे राहिले नाही. दोन वर्षांनी लिमात तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला आणि लोकांनी शवपेटी खांद्यावर घेतली.

१९८० च्या दशकात किनाऱ्यावरच्या बहुतेक सहकारी संस्थांच्या सभासदांनी जमीन आपापसांत वाटून घेतली. १९९५ च्या कायद्याने कमाल मर्यादाही उठली. आज त्याच किनाऱ्यावर शतावरी आणि द्राक्षे निर्यात करणाऱ्या कंपन्यांकडे पुन्हा हजारो हेक्टर जमीन आहे; डोंगरातले जुने जमीनदार मात्र परतले नाहीत.