कार्निव्हलमध्ये बघे आले ते 1965 नंतर

पणजीत कठड्यामागे उभे राहून चित्ररथ बघणारा माणूस ही गोव्याच्या कार्निव्हलमधली तशी उशिराची भर. पोर्तुगीज अमलात निव्वळ बघ्या असा सहसा कोणी नसे. त्या दिवसांत घराबाहेर पडलेला माणूस एकतर भिजवणारा, नाहीतर भिजणारा. गच्चीतून पाणी यायचे, समोरून पीठ आणि भुशाच्या पुड्या, अंडीसुद्धा. वरच्या वर्गाने याला ‘असाल्तो’ची जोड दिली. ओळखीच्यांच्या घरावर टोळक्याने ‘हल्ला’ करायचा आणि तिथेच खाणे, गाणे, नाच उरकायचा.

या सगळ्याला कोकणीत नाव आहे ‘इंत्रुज’. गुंता इथूनच सुरू होतो. शब्द पोर्तुगीज ‘एन्त्रुदो’वरून आला आणि त्याच्यामागे प्रवेश या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाच्या उंबरठ्यावरचे दिवस. ‘कार्निव्हल’चा संबंध मांस बाजूला ठेवण्याशी लावतात. दिवस तेच असले तरी बोलण्यात दोन्ही शब्दांची वाटणी झाली आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावात इंत्रुज म्हटले की अंगणात येणारे ‘खेळ’ आठवतात, म्हणजे ढोल-कर्ण्याच्या साथीने, पुरुषांनीच बायकांची सोंगे घेऊन केलेली छोटी नाटके. पणजीत कार्निव्हल म्हटले की चित्ररथच. सरकारी फलकांवर ‘कार्निव्हल’ हाच शब्द छापला जातो. म्हणून बाहेरून येणाऱ्याला वाटते की मिरवणूक म्हणजेच कार्निव्हल आणि ती पोर्तुगीजांच्या काळापासून अशीच निघते. भर म्हणून दिवाडी बेटावरचे ‘बोंदेरां’ही, म्हणजे बावट्यांचा उत्सवही, काहीजण यातच मोजतात. ते ऑगस्टमध्ये असते आणि त्याचा उपासकाळाशी काही संबंध नाही.

मुक्तीनंतर हा सण शहरांत फिका पडत चालला होता. 1965 साली चित्ररथांची मिरवणूक काढायचे ठरले आणि तिच्या पुढे ‘खा, पिये, मजा कर’ असे फर्मान वाचणारा किंग मोमो उभा राहिला. मोमो हा मुळात टिंगलीचा ग्रीक देव. ब्राझीलमधल्या रिओने 1933 मध्ये त्याला हाडामांसाचा राजा केले. गोव्याने राजा आणि चित्ररथ ही जोडी तिथल्याच वळणावर उचलली, हे कबूल करायला हरकत नसावी. रिओचा मार्गही असाच होता. तिथे पाण्या-पिठाच्या एन्त्रुदोवर पोलिसी निर्बंध आले आणि 1855 पासून वेषधारी मंडळांच्या शिस्तबद्ध मिरवणुका निघू लागल्या.

1965 च्या त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. बाजू घेणारे सांगतात की मिरवणूक नसती तर शहरांतला इंत्रुज संपलाच असता. विरोधकांचे म्हणणे, खेळणाऱ्याला कठड्यामागे नेऊन ग्राहक केले. पुढे पर्यटनाचा पैसा आला, मग प्रायोजकांचे रथ आले, आणि गोव्यातल्या बाईचे जे चित्र त्यातून रंगवले गेले त्याविरुद्ध महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. हा धार्मिक सण नव्हे, असे चर्चनेही बजावले. मिरवणुकीने शहरातला सण वाचवला हे खरे मानले, तरी जाहिरातीच्या रथांचे समर्थन त्यातून होत नाही. स्पर्धेच्या पारंपरिक गटातले रथ पाहावेत: रेंदेर (माडी काढणारे), पदेर (पाववाले), मासळीवाल्या, विहिरीवरचा रहाट. यांत काम करणारी माणसे बहुधा त्याच वाड्यावरची असतात.

तारीख ईस्टरवरून काढायची. शेवटचा मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी, सुरुवातीचा शनिवार 50 दिवस आधी. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून शनिवार 14 फेब्रुवारीला आला. रुळलेला क्रम असा: शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा. अलीकडे शुक्रवारी पर्वरीतही रथ निघतात. पणजीतला मार्ग मात्र बदलतो. कधी मांडवीकाठचा बांदोडकर मार्ग, कधी मिरामार–दोना पावला रस्ता. वाहतुकीची त्या वर्षीची सूचना पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये.

बघ्यांची गैरसोय होते ती बहुतेक परीक्षकांच्या मंचामुळे. प्रत्येक रथ तिथे थांबून आपले सादरीकरण करतो, मागचे खोळंबतात आणि मंच ओलांडल्यावरच्या रस्त्यावर रथांमधले अंतर वाढत जाते. मंचाच्या अलीकडे रथ दाटीने येतात, पण नाचणारे दम राखून असतात. मंचासमोर सादरीकरण पूर्ण दिसते, पण गर्दीही तिथेच. मंचापासून शंभरेक पावले अलीकडची जागा त्यातल्या त्यात बरी. दुपारी ऊन पश्चिमेकडून येते, तेव्हा ते पाठीशी राहील अशी बाजू धरावी. रथावरचे जनित्र बहुधा मागच्या टोकाला असते. कठड्याला चिकटलेल्यांना त्याचा धूर आणि भोंग्यांचा दणका दोन्ही मिळतात, म्हणून लहान मुलांना घेऊन मागच्या रांगेत उभे राहावे.

कठड्याशिवायचा इंत्रुज बघायचा तर सोमवारी सासष्टीतल्या चांदर गावी जावे. तिथे मुसळे आपटत नाचणारे पुरुष घरांसमोर थांबतात आणि घरातली माणसे दारात येऊन उभी राहतात.