पळवलेले जहाज ठेवायचे कुठे?

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा ‘रुएन’सारखे अवजड मालवाहू जहाज पळवून या लोकांना मिळणार तरी काय होते, असा प्रश्न अनेकांना पडला. चाचे माल लुटतात हा समज सोमालियाच्या बाबतीत फसवा आहे, कारण तेथे लुटलेला माल उतरवायला धड गोदी नाही आणि घ्यायला गिऱ्हाईकही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पळवलेल्या ‘सिरियस स्टार’ या टँकरवर सुमारे २० लाख पिंपे तेल होते. ते तसेच राहिले आणि जानेवारीत पॅराशूटने टाकलेली खंडणी घेऊन चाच्यांनी जहाज सोडले.

हा धंदा खरे तर वाट पाहण्याचा आहे. जहाज अडकले की मालकाचे रोज नुकसान होते. पण पहारेकऱ्यांचे जेवण, डिझेल आणि ‘खात’ नावाचा नशेचा पाला यांपायी चाच्यांचाही खर्च चालूच असतो. ज्याला जास्त दिवस तग धरता येतो, त्याचे पारडे जड. म्हणूनच महिनोन्महिने निर्धास्त नांगर टाकता येईल अशी जागा हेच यातले मोठे भांडवल ठरते. १९९१ मध्ये सोमालियाचे केंद्रीय सरकार कोसळले हे कारण खरे असले, तरी निव्वळ बेबंदशाही चाच्यांनाही परवडत नाही, कारण पळवलेले जहाज उद्या दुसरीच टोळी हिसकावू शकते. त्यामुळे हा धंदा युद्धाने होरपळलेल्या राजधानी मोगादिशूपेक्षा एल, होब्यो, हरारधेरे अशा किनाऱ्यालगतच्या गावांत फोफावला, जिथे स्थानिक वजनदार मंडळींचा शब्द चालतो आणि तो विकतही मिळतो.

जागतिक बँकेच्या सहभागाने २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार खंडणीचा ३० ते ५० टक्के वाटा पैसा लावणाऱ्याकडे जात असे. साध्या चाच्याला ३० ते ७५ हजार डॉलर मिळत, आणि जहाजावर सर्वांत आधी चढणाऱ्याला किंवा स्वतःची शिडी आणणाऱ्याला १० हजारांपर्यंत जादा. मात्र चढ्या भावाने उधार घेतलेला खात त्यातूनच वळता होई. परदेशी ट्रॉलरांनी तिथली मासळी ओरबाडली ही तक्रार रास्तच आहे, पण हा हिशेब पाहिल्यावर ‘गरीब कोळ्यांचा उठाव’ हे रम्य चित्र मला तरी पटत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेले ‘रुएन’ तीन महिने चाच्यांच्याच ताब्यात राहिले. मार्चच्या मध्यावर इतर जहाजांवर हल्ले करण्यासाठी त्यांनी ते किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात आणले, आणि तिथे ‘कोलकाता’ने त्याला गाठले. सुमारे ४० तासांनी ३५ जण शरण आले. १७ खलाशी सुखरूप सुटले.